सात काड्यांची नानकटाई

आईचं तोंड किती उघडतं ते आमच्या घरात काड्यांत मोजतात. आईस्क्रीमच्या असतात त्या चपट्या लाकडी काड्या. एकावर एक ठेवून गठ्ठा करायचा, पुढच्या दातांच्या मध्ये सरकवायचा आणि किती मावल्या ते बघायचं. ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या बाईंनी हा व्यायाम शिकवला होता. रोज तीनदा काड्या दातांत धरायच्या आणि जमेल तशी मधे एक-एक वाढवत जायची. धडधाकट माणसाच्या तोंडात वीसेक काड्या सहज जातात. माझ्या तेवीस गेल्या. माझं तोंड मोठं आहे असं शाळेतल्या शिक्षकांचं मत होतंच, आता पुरावाही मिळाला. आईच्या सात जायच्या.

सात काड्या म्हणजे जेमतेम एक आडवं बोट. त्या फटीतून चमचाभर पेज जायची, ताकात कुस्करलेली भाकरी जायची, फार तर मऊ वरणभात. उजव्या गालाचा आतला भाग काढून तिथं दुसरीकडची कातडी लावली होती. त्या बाजूला तिला काही समजायचं नाही, घास अडकून बसला तरी पत्ता नाही. कॅन्सरसाठी मशीनवर किरणांचे शेक घेतल्यामुळे लाळ आटली होती. शिवाय ओठाचा कोपरा नीट मिटायचा नाही, त्यामुळे खाताना थोडं बाहेर ओघळायचं. दुखण्याचं तिला काही वाटत नव्हतं. ओघळण्याची मात्र फार लाज वाटायची.

हे सगळं मिश्रीमुळं झालं. आमच्याकडच्या बायका तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, चुरून डबीत भरतात आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात. आईची डबी कमरेला खोचलेल्या कापडी पिशवीत असायची. वडील मुखेडला मास्तर होते तेव्हापासून, म्हणजे मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून, ती मिश्री मी भाजून द्यायचे. "माझ्या लेकीवानी मिश्री कुणाला भाजता येत न्हाई," असं ती शेजारणींना सांगायची आणि मी फुगायचे. डॉक्टरांनी "किती वर्षं लावता?" असं विचारलं तेव्हा आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मीच मान खाली घातली. हे मी नवऱ्याजवळही बोलले नव्हते. इथं लिहिते, कारण पुढं जो हट्ट केला त्याचं मूळ तिथं आहे.

ऑपरेशननंतरची पहिली दिवाळी. आई नांदेडला भावाकडं असते आणि मी लग्न होऊन लातूरला. भाऊबिजेला मी गेले. समोरच्या खोलीत सतरंजीवर घरदार फराळाला बसलं होतं, भोकरहून काकू आल्या होत्या, आणि आई कुठं दिसेना. मागच्या खोलीचं दार ढकललं तर ती भिंतीकडं तोंड करून वाटीतली लापशी चमच्यानं खात होती. एवढ्या मोठ्या घरादाराला वर्षानुवर्षं वाढत आलेली बाई, चोरून खाल्ल्यासारखी.

"बाहेर चल," मी म्हणाले.

"न्हाई. खात्या लोकांत आपण बसू न्हाई. त्यांना बी कसंतरी होतंय, मला बी."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. मी तिथंच म्हणाले, "पुढच्या भाऊबिजेला तू बाहेर बसशील. सगळ्यांत बसून, फराळाचं काहीतरी खाशील. मी करते की नाही बघ."

"बघू," आई म्हणाली. आईचं बघू म्हणजे नाही, हे मला पाळण्यापासून माहीत आहे.

काय करायचं याचा मला विचार करावा लागला नाही. नानकटाई. चांगली झाली तर जिभेवर विरघळते, हे एक. आणि नानकटाईत आमच्या आईचा नाद कुणी करायचा नाही, हे दुसरं.

वडिलांची बदली नांदेडला झाली, तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीआधीच्या आठवड्यात बायका घरून पीठ मळून पातेल्यात घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या. बेकरीवाले चाचा काळे पत्रे द्यायचे. बायका तिथंच खाली बसून गोळे वळायच्या आणि पत्र्यावर मांडायच्या. भट्टी एक आणि घरं पंधरा-वीस, त्यामुळे प्रत्येक घराची आपली खूण ठरलेली. कुणी मधोमध अंगठा दाबायचं, कुणी लवंग टोचायचं, कुणी वाटीच्या कडेनं फुली मारायचं. आमची खूण म्हणजे मधोमध एक चारोळी. पत्रा बाहेर निघाला की चाचा ओरडायचे, "चारोलीवाले किधर गए?" आणि आई पदर खोचून उठायची. त्या गल्लीत तिचं नावच चारोलीवाली अम्मा पडलं होतं.

एका वर्षी चारोळी संपली म्हणून तिनं तसेच गोळे भाजायला दिले. घरी येऊन डबा उघडला, एक तोंडात टाकला आणि डबा बंद केला. "हे आपलं न्हाई. डालड्याचं हाय." तशीच उन्हात परत गेली आणि अदलाबदल होईपर्यंत भट्टीच्या पायरीवरून हलली नाही. मी म्हणाले, अगं, चांगली तर लागतेय. तर म्हणाली, "चांगलं असलं तरी लोकाचं." त्यानंतर बिनखुणेचा एक गोळा तिच्या हातून कधी भट्टीत गेला नाही.

तर लातूरला मी छोटा ओव्हन घेतला आणि सात काड्यांच्या फटीतून आत जाईल, चावावं लागणार नाही आणि ठसका लागणार नाही अशी नानकटाई करायला घेतली. लिहायला सोपं आहे. पहिल्या घाण्यात सवयीनं रवा घातला, तो जिभेवर वाळूसारखा राहिला. दुसऱ्यात मैदा-बेसन घेतलं, पण मोठ्या नानकटाईच्या हिशेबानं भाजलं आणि बुडं काळी झाली. तिसऱ्या वेळी पत्रा आत गेला आणि लाईट गेली. आमच्या भागात लाईट जाते ती सांगून जात नाही आणि येते ती काम बिघडवूनच. चौथ्या वेळी तूप वाढवलं, तर सगळ्या गोळ्यांनी एकमेकींना मिठ्या मारल्या आणि पत्र्यावर एकच एक पोळी तयार झाली. ती आम्ही आठवडाभर मोडून खाल्ली.

शेवटी जमलं ते असं. परातीत तूप आणि पिठीसाखर तळव्यानं फेसायची, पांढरंशुभ्र होईस्तोवर, दंड भरून आला तरी थांबायचं नाही. खमंग भाजलेलं बेसन दोनदा चाळून घ्यायचं, मैदा बेताचा, वरून नावाला जायफळ. भिजलेल्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून फ्रीजमध्ये गार करायच्या आणि मग भाजायच्या. बरोबर नऊ मिनिटं. फुगून त्या सुक्या बोराएवढ्या व्हायच्या. घोटभर चहाबरोबर जिभेवर ठेवली की मी मनात वीस अंक मोजेपर्यंत तिथं काही उरायचं नाही.

तपासायला नवरा होता. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्याला मी खुर्चीत बसवायचे, दातांत सात काड्यांचा गठ्ठा धरायला लावायचे आणि तेवढ्याच फटीतून नानकटाई आत ढकलायचे. दात लावायचे नाहीत, फक्त जीभ. "ही नानकटाई आहे की होमिओपॅथीच्या गोळ्या?" तो विचारायचा. "जेवणाआधी घ्यायच्या का नंतर?" आणि बोलता बोलता बशी रिकामी करायचा.

मी शिकवते त्या शाळेत नेल्या तर तिथंही तेच. "मॅडम, हात आखडला वाटतं यंदा!" आमच्याकडं पाहुण्याला देताना ताट ओसंडलं पाहिजे, लाडू मुठीएवढा पाहिजे, निम्मं उरलं तरी चालेल पण कमी दिसता कामा नये. त्यात ही बोराएवढी नानकटाई म्हणजे सरळसरळ कंजूषपणा. मी कुणाला कारण सांगितलं नाही. मला भाऊबिजेला सगळ्यांपुढं हीच ठेवायची होती. मोठी एकही करायची नाही. आईसाठी वेगळी वाटी आली की ते आजाऱ्याचं खाणं झालं, आणि मग ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसणार. सगळ्यांच्याच पुढ्यात बारीक असली तर कुणाचं तिच्याकडं लक्ष जाणार नाही. मला कंजूष म्हणाले तर म्हणोत.

दसऱ्याला सुट्टी होती. मांडीवर डबा घेऊन मी नांदेडच्या एसटीत बसले. अहमदपूर आणि लोह्याच्या मधल्या खड्ड्यांनी माझी कंबर मोडली, पण डबा मी हलू दिला नाही. भावाकडं पोचले तेव्हा शेजारच्या बाई सोनं द्यायला आल्या होत्या. वहिनीनं चहा टाकला. मी बशीत नानकटाई काढली आणि आईला म्हणाले, एकच खा, माझ्यासाठी. शेजारीण वहिनीशी बोलत होती, आईकडं कुणी बघत नव्हतं. आईनं एक उचलली, चहात बुडवली, आत सरकवली. मी बघत होते. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. विरघळत होती!

आणि मग ती थांबली. जिभेनं गाल आतून चाचपू लागली. एकदम ठसका लागला. चहा, लगदा, सगळं हनुवटीवरून पातळावर आलं. शेजारीण "अगं बाई, पाणी द्या की कुणी" म्हणत उठली. आई तिच्याआधी उठली. मागच्या खोलीचं दार लागलं.

चारोळी. मी प्रत्येक गोळीवर एक चारोळी दाबली होती. आमची खूण! महिनोन्महिने मी रवा काढला, बेसन चाळलं, मिनिटं मोजली, आणि जे विरघळणारच नाही ते हौसेनं वर चिकटवलं. नवरा ती चारोळी दातानं चावून खात होता, त्यानं कशाला तक्रार करावी? सगळी नानकटाई विरघळल्यावर मागं उरलेला तो दाणा आईच्या मेलेल्या गालात जाऊन बसला आणि तिथून घशाकडं गेला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दारापाशी गेले, तर आतून म्हणाली, "आता पुरं कर हे. मी काय लेकरू हाय का?"

वहिनीनं मला स्वयंपाकघरात नेलं. ती कधी वावगं बोलत नाही, त्यामुळे तिचं बोलणं लागतं. "ताई, तुमी जाताव लातूरला. असं काई झालं की आई मग चार-चार दिवस माझ्याशी बी बोलत न्हाईत. उपाशी राहतेत." एसटीत परत येताना डबा रिकामा नव्हता, पण तो मी पायाशी ठेवला.

दोन दिवस ओव्हनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला. आई पुरे म्हणाली म्हणून थांबायचं असतं, तर मी तिची मुलगी कसली? भट्टीच्या पायरीवर उन्हात बसून राहिलेली बाई माझ्या डोळ्यांपुढं होती. फक्त एक ठरवलं, की आता खा म्हणून एका शब्दानं म्हणायचं नाही.

दिवाळीच्या आधी भावाला कामानिमित्त बाहेरगावी जायचं होतं आणि वहिनीला माहेरी. आई पंधरा दिवस लातूरला माझ्याकडं आली. पिशवीतून औषधं काढली, काड्यांचं पाकीट काढलं आणि फळीवर ठेवून दिलं. पाकीट जवळजवळ भरलेलंच होतं. व्यायाम करतेस का, असं विचारायला जीभ वळवळली, मी गिळून टाकलं. सकाळी शाळेआधी मी गोळ्या वळायला बसायचे आणि ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून बघायची. तिसऱ्या दिवशी मी पत्रा ओव्हनमध्ये सरकवणार तेवढ्यात म्हणाली,

"खूण कुठाय?"

"नाही लावली."

"कामून?"

कामून ते तिलाही माहीत होतं. मी म्हणाले, "आई, आपलाच ओव्हन आहे. दुसऱ्या कुणाचा पत्रा आत नाही. कोण बदलून नेणार?"

"असू दे. खुणंबिगर कुणाच्या घरची म्हणायची ही?"

ती उठली. पत्रा पुढ्यात ओढला आणि एका गोळीवर अंगठा दाबला. गोळी पार अंगठ्याखाली गडप झाली, चपटी होऊन त्यालाच चिकटून वर आली. आईनं अंगठा उलटा करून बघितला आणि हसली. अर्धाच चेहरा हसतो तिचा आता, पण वर्षभरात मी ते पहिल्यांदा बघितलं. करंगळी लावून पाहिली, तीही मोठी झाली. मग इकडंतिकडं बघितलं, फळीवरचं पाकीट घेतलं, एक काडी काढली आणि तिची कड गोळीवर अलगद टेकवली. गव्हाच्या दाण्यावर असते तशी एक रेघ उमटली.

"हां," आई म्हणाली. "हे जमतंय."

सगळा पत्रा तिनं रेघारेघांनी पुरा केला. शाळेला उशीर झाला, होऊ दिला. भाजून झाल्यावर तिनं चहा मागितला आणि माझ्याकडं पाठ करून बसली. मी भांडी घासत राहिले. मागं वळून बघितलं नाही, फक्त ऐकलं. ठसका आला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ती खिडकीपाशी बसली होती. काड्या दातांत धरलेल्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती हातातली आणखी एक काडी गठ्ठ्याच्या मधे घालू बघत होती. मी चपला हातात घेऊन मागच्या मागं बाहेर गेले आणि जिन्यात बसले. माझं तेवीस काड्यांचं तोंड इतका वेळ बंद राहिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

भाऊबिजेला आम्ही दोघी नांदेडला गेलो. दोन डबे, एक माझ्या मांडीवर, एक तिच्या. समोरच्या खोलीत तीच सतरंजी, तीच माणसं. वहिनीनं चिवडा-चकल्यांची ताटं मांडली आणि मी मधोमध परातभर नानकटाई ठेवली. आई आत होती. मी बोलावलं नाही.

काकूंनी परातीकडं बघितलं. भोकरच्या काकू म्हणजे जिभेला हाड नाही, पण मनात काही नसतं. "अगं माय! ही काय नानकटाई? चिमण्यांना टाकायला केलीस का?" सगळे हसले. काकूंनी एक तोंडात टाकली. "दाताला बी लागंना की गं. मास्तरणीचा पगार थकला वाटतं!"

मी ठरवल्याप्रमाणं हसून कंजूषपणा कबूल करणार होते. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. तो अडखळतो, अर्धे शब्द गालात राहतात, म्हणून वर्षभर चार माणसांत तो कुणी ऐकलाच नव्हता.

"दाताला लागू न्हाई म्हणूनच केल्यात. माझ्यासाठी केल्यात तिनं."

माझं सगळं लपवालपवीचं नियोजन आईनं एका वाक्यात मोडून टाकलं. हसणं थांबलं. ती येऊन काकूंच्या शेजारी सतरंजीवर बसली. वहिनीनं तिच्यापुढं चहाची बशी ठेवली. आईनं परातीतली एक उचलली, रेघ वर आहे ना ते बघितलं, चहात बुडवली आणि आत सरकवली. आता सगळेच तिच्याकडं बघत होते, जे होऊ नये म्हणून मी वर्षभर राबले होते तेच.

आणि ओघळलं. ओठाच्या कोपऱ्यातून चहाचा ओघळ निघाला, हनुवटीवर आला. मी रुमाल घेऊन उठायला लागले, तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. पदराच्या टोकानं तोंड पुसलं, उन्हातून आल्यावर घाम पुसावा तसं, आणि दुसरी नानकटाई उचलली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसरी खाऊन झाल्यावर ती मला म्हणाली, "पुढल्या टायमाला जरा मोठ्या कर. नऊ जाऊन राहिल्या आता."

"नऊ काय गं?" काकूंनी विचारलं.

आईनं कमरेच्या पिशवीत हात घातला. पूर्वी तिथं मिश्रीची डबी असायची. तिनं काड्यांचा गठ्ठा काढला, आणि भरल्या खोलीत, सगळ्यांकडं तोंड करून, एकेक काडी मोजत दातांत घालून दाखवली.